इंपिंग्टनची शाळा

केंब्रिज शहराच्या उत्तरेला जेमतेम तीन मैलांवर हिस्टन आणि इंपिंग्टन ही दोन खेडी आहेत. एकमेकांना इतकी खेटून, की नवख्या माणसाला शीव सापडत नाही. जवळून जाणारी जुनी रेल्वे केव्हाच बंद झाली. २०११ पासून त्याच पट्ट्यावर काँक्रीटच्या खोबणीतून बस धावते. याच रेल्वेच्या कडेला चिव्हर्स कुटुंबाच्या फळबागा होत्या. १८७३ साली त्यांनी एका कोठारात पहिल्यांदा जॅम शिजवला, पुढे त्याचा मोठा कारखाना झाला आणि आसपासची घरेच्या घरे त्या कारखान्यावर जगली. आज मात्र बाहेरचा माणूस वाट वाकडी करून इथे येतो तो एक शाळा बघायला. हातात वही, गळ्यात कॅमेरा, आणि डोळे एका बैठ्या, सपाट छपराच्या विटांच्या इमारतीवर.

पहिल्या नजरेत ती इमारत साधीच वाटते. मनोरा नाही, कमानी नाहीत, दरवाज्यावर लॅटिन बोधवाक्य मिरवणारी ढाल नाही. इंग्रजी शाळा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे ईटन किंवा हॅरो उभे राहते, त्यातले इथे काहीच नाही. नाव आहे ‘इंपिंग्टन व्हिलेज कॉलेज’. त्यातल्या ‘कॉलेज’ या शब्दाने मराठी वाचकाची फसगत व्हायला नको. ही अकरा वर्षांपुढच्या मुलामुलींची माध्यमिक शाळा आहे, फी न घेणारी, सरकारी पैशावर चालणारी. पण शाळेला ‘गावाचे कॉलेज’ असे नाव देण्यामागे एका माणसाचा फार मोठा हट्ट होता. तो हट्ट समजून घेतल्याशिवाय या इमारतीतली एकही भिंत नीट कळत नाही.

त्या माणसाचे नाव हेन्री मॉरिस. जन्म १८८९ सालचा, लँकेशायरच्या किनाऱ्यावरच्या साउथपोर्टचा. वडील प्लंबर. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि हा मुलगा गावातल्या ‘साउथपोर्ट व्हिजिटर’ या वर्तमानपत्रात कामाला लागला. धर्मोपदेशक व्हायचे म्हणून वेल्समधल्या लँपिटर इथे ईश्वरशास्त्र शिकायला गेला, तिथून ऑक्सफर्डला. मग पहिले महायुद्ध. युद्धावरून परतल्यावर केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात त्याने तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. धर्मोपदेशक व्हायचा विचार तोवर मागे पडला होता. पुढे टापटीप कपडे, जुने सुबक फर्निचर, संगीत आणि चित्रे यांत रमणारे, अविवाहित, काहीसे तापट असे मॉरिस केंब्रिजमध्ये सगळ्यांच्या परिचयाचे झाले. प्लंबरच्या घरातल्या बालपणाबद्दल ते फारसे बोलत नसत. १९२२ साली, वयाच्या तेहेतिशीच्या आसपास, केंब्रिजशर काउंटीच्या शिक्षण खात्याची सूत्रे त्यांच्या हाती आली. १९५४ मध्ये निवृत्त होईपर्यंत ती त्यांनी सोडली नाहीत.

केंब्रिजचे नाव जगात मोठे, पण ते विद्यापीठाचे. विद्यापीठाच्या फाटकाबाहेर सायकलवर अर्धा तास गेले की लागणारी खेडी दरिद्री होती. महायुद्धाच्या काळात सरकारने गहू आणि ओट यांना हमीभाव दिला होता. १९२१ मध्ये तो कायदाच रद्द झाला. धान्याचे भाव कोसळले, शेतमजुरांची मजुरी घसरली, तरणीताठी मुले गाव सोडू लागली. शाळा म्हणजे एक किंवा दोन खोल्या. पाच वर्षांच्या बाळापासून चौदा वर्षांच्या पोरापर्यंत सगळे त्यातच, शिकवायला एक-दोन शिक्षक. पुष्कळशा शाळा चर्चच्या मालकीच्या, व्हिक्टोरियाच्या काळात बांधलेल्या. खिडक्या मुद्दाम उंचावर, म्हणजे मुलांचे लक्ष बाहेर जायला नको. चौदाव्या वर्षी शाळा संपली की शिक्षण संपले. मॉरिस यांचे स्वतःचेही तसेच संपले होते, ही गोष्ट इथे विसरता येत नाही.

१९२४ साली त्यांनी एक टिपण लिहून काउंटीच्या सभासदांच्या हाती दिले. ग्रामीण भागातल्या शैक्षणिक आणि सामाजिक सोयी हा त्याचा विषय. एखाद्या सरकारी टिपणाने शाळेच्या बांधणीचा इतिहास बदलावा, असे क्वचितच घडते. या टिपणाने तो बदलला. मॉरिस यांचे म्हणणे असे. जमीनदाराची गढी आणि गावचे चर्च यांच्याभोवती फिरणारे जुने गाव आता परत येणार नाही. मग त्याच्या जागी काय उभे राहणार? दहाएक खेडी मिळून मध्यभागी एक इमारत बांधा. तिथे दिवसा शाळा भरेल. त्याच इमारतीत काउंटीचे वाचनालय असेल, गावाचे सभागृह असेल, संध्याकाळी मोठ्यांचे वर्ग असतील, तान्ह्या बाळांना तपासणारा डॉक्टर तिथेच बसेल, शेतीचे प्रशिक्षण तिथेच मिळेल, खेळाचे मैदानही तिथेच. तिसऱ्या वर्षी आत आलेले मूल पार म्हातारपणीच तिथून बाहेर पडेल, ‘शाळा सोडणे’ हा प्रकारच उरणार नाही, अशी त्यांची कल्पना होती.

यात स्वप्नाळूपणा होता तितकाच हिशेबही होता. शिक्षण, वाचनालय, आरोग्य, शेती या प्रत्येक खात्याला थोडाथोडा पैसा मिळे आणि प्रत्येक खाते त्यातून गावात आपापली एक खोली उभारी. मॉरिस म्हणाले, हे चिल्लर पैसे एका थैलीत घाला, म्हणजे एक चांगली वास्तू होईल. गरीब काउंटीला चांगले काही परवडावे यासाठी शोधलेला हा मार्ग होता. ‘कॉलेज’ हे नाव त्यांनी केंब्रिजच्या कॉलेजांवरूनच घेतले. त्या कॉलेजांत राहणे, जेवणे, वाचणे, वाद घालणे, गाणे हे सगळे एकाच चौकाभोवती चाले. जे श्रीमंतांच्या मुलांना वीस वर्षांचे झाल्यावर तीन वर्षे मिळते, ते मजुराच्या मुलाला आयुष्यभर का मिळू नये? टिपणातल्या सरकारी भाषेखाली हा प्रश्न धगधगत होता.

पहिले व्हिलेज कॉलेज सॉस्टन इथे झाले. अमेरिकेतल्या स्पेलमन फंडासारख्या संस्थांकडेही मॉरिस यांनी मदतीसाठी हात पसरला. ऑक्टोबर १९३० मध्ये युवराज, म्हणजे पुढचे आठवे एडवर्ड, उद्घाटनाला आले. सॉस्टनची इमारत काउंटीचे वास्तुविशारद एच. एच. डन यांनी जुन्या जॉर्जियन वळणाची बांधली. इंग्लंडात मंदीची झळ लागली होती, त्यामुळे पुढची दोन कॉलेजे, बॉटिशम आणि लिंटन, १९३७ मध्ये उघडली. त्यांचे वास्तुविशारद एस. ई. अर्विन. त्यांच्या इमारतींत विटा तशाच राहिल्या, पण खिडक्या रुंदावल्या आणि छपरे सपाट झाली. इंपिंग्टनचा क्रम चौथा.

या चौथ्या शाळेसाठी मॉरिस यांना अर्विन नको होते. त्यांना हवे होते वॉल्टर ग्रोपियस.

ग्रोपियस यांनी १९१९ साली जर्मनीतल्या वायमार इथे बाउहाउस ही कलाशाळा काढली. १९२६ मध्ये डेसाऊ इथे त्यांनी तिच्यासाठी बांधलेली काचेची इमारत वास्तुशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. नाझी सत्तेवर आले आणि १९३३ मध्ये बाउहाउस बंद पडले. १९३४ च्या शरद ऋतूत ग्रोपियस लंडनला आले, तेव्हा त्यांचे इंग्रजी तोकडे होते आणि हाती काम नव्हते. प्लायवूडच्या धंद्यातले जॅक प्रिचर्ड यांनी हँपस्टेडच्या लॉन रोडवर नव्या धाटणीची सदनिकांची इमारत उभारली होती. तिथे त्यांनी ग्रोपियस यांना आसरा दिला आणि तरुण इंग्रज वास्तुविशारद मॅक्सवेल फ्राय यांच्या बरोबर भागीदारी जुळवून दिली. प्रिचर्ड आणि मॉरिस यांची ओळख होती. त्या ओळखीतून इंपिंग्टनचे काम निघाले. निर्वासित म्हणून आलेल्या जगप्रसिद्ध वास्तुविशारदाला खेड्यातली शाळा बांधायला देणे, हे त्या काळच्या काउंटी कार्यालयात कसे ऐकले गेले असेल याची कल्पना करता येते.

अडचण पैशाची आली. काउंटीकडे पगारी वास्तुविशारद असताना बाहेरच्या माणसाला वेगळी फी का द्यायची? सभासदांचा प्रश्न रास्त होता. मॉरिस आणि प्रिचर्ड यांनी मग फीसाठी लोकवर्गणीचे आवाहन केले. जमीन दिली चिव्हर्स कुटुंबाने, वर रोख रक्कमही दिली. ज्या जॅमवाल्यांच्या बागांत आणि कारखान्यात गावाने घाम गाळला, त्यांनीच गावाच्या मुलांसाठी जुन्या झाडांची हिरवीगार जागा मोकळी करून दिली. शेजारी इंपिंग्टन हॉल हा जुना वाडा होता, रोजनिशीकार सॅम्युएल पेप्सच्या नातलगांचा. ग्रोपियस आणि फ्राय यांनी इमारत त्या झाडांना सांभाळत पसरवली.

आता इमारतीत शिरू. आत आल्यावर पहिल्यांदा लागतो तो एक रुंद, उजेडाचा हमरस्ता. त्याला ‘प्रॉमनाड’ म्हणतात. शाळेतली जायची वाट म्हणजे कडेकडेने जाणारा चिंचोळा बोळ, ही समजूत इथे पहिल्या दहा पावलांत गळून पडते. तास सुटला की मुले इथे लोटतात, घोळके करतात, भांडतात, सलोखा करतात. संध्याकाळी हीच जागा मोठ्यांची. इमारतीचे सगळे हात याच जागेतून फुटतात. जणू गावातला पार घराच्या आत आणला आहे. त्यावर छप्पर घालून त्याला काच लावली आहे एवढेच.

प्रॉमनाडच्या एका अंगाला सभागृह. त्याचा आकार उघडलेल्या जपानी पंख्यासारखा आहे: मुठीशी रंगमंच, आणि प्रेक्षक रुंद होत जाणाऱ्या बाजूला. मागच्या रांगेतल्यालाही रंगमंच समोर दिसावा, यासाठी हा आकार. सकाळी इथे प्रार्थनासभा भरे, रात्री नाटके, मैफली, गावसभा. नाटक करणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला शाळेच्या आयताकृती हॉलमधल्या शेवटच्या बाकावरून काय दिसते हे सांगायची गरज नाही.

दुसऱ्या अंगाला मोठ्यांचा विभाग. ही बाजू सरळ जात नाही, हलकेच वळते, आणि वळताना तिच्यातून अर्धगोलाकार फुगीर खिडक्या हिरवळीकडे डोकावतात. बैठकीची खोली, वाचनालय, व्याख्यानाची खोली, खेळांच्या खोल्या, असा तिचा पसारा. दिवसभर शेतात किंवा कारखान्यात काम करून आलेल्या माणसाने मुलांच्या इवल्याशा बाकात गुडघे अडकवून बसावे, हे मॉरिस यांना मान्य नव्हते. मोठ्यांच्या खुर्च्या मोठ्यांच्या, शेकोटी मोठ्यांची, आणि खिडकीबाहेरचे झाडही त्यांच्या वाट्याचे. या एका गोष्टीत मॉरिस यांचे सगळे शिक्षणशास्त्र मावते, असे म्हणायला हरकत नाही.

आणि वर्ग. एकमजली वर्गांची ओळ इमारतीपासून बाहेर झाडांकडे जाते. प्रत्येक वर्गाची बाहेरची भिंत काचेची, जमिनीपासून वरपर्यंत, आणि ती घडीच्या पडद्यासारखी सरकून बाजूला होते. चांगल्या दिवशी काच दुमडून ठेवली की वर्गाला भिंतच उरत नाही. फळ्यासमोर बसलेल्या मुलांच्या एका हाताला थेट गवत. काचेच्या समोरच्या बाजूला व्हरांड्याचे छप्पर मुद्दाम खाली ठेवले आहे आणि त्याच्या वर छताजवळ खिडक्यांची एक पट्टी आहे. त्यामुळे उजेड दोन बाजूंनी येतो, पानावर हाताची सावली पडत नाही आणि वारा आरपार वाहतो. व्हिक्टोरियाच्या काळातल्या त्या उंचावरच्या खिडक्या आठवून पाहा. तिथे बाहेर बघणे हा गुन्हा होता. इथे बाहेर बघणे हाच धड्याचा भाग आहे.

या काचेला आजाराचाही इतिहास आहे. क्षयरोगावर मोकळी हवा हाच उपाय असे त्या काळी मानले जाई. १९०४ मध्ये बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग इथे अशक्त मुलांसाठी झाडांखालची शाळा निघाली, १९०७ मध्ये लंडनच्या आग्नेयेला बोस्टल वुड इथे इंग्लंडातली पहिली अशी शाळा भरली. ग्रोपियस यांनी आजारी मुलांची ही सोय सुदृढ मुलांना दिली. अर्थात पोलादी चौकटीतली एकेरी काच इंग्लंडच्या जानेवारीत गारठते आणि जूनच्या उन्हात तापते. सुंदर वास्तू जपणे म्हणजे रोजची डागडुजी, रोजचा खर्च; त्यातून इंपिंग्टनही सुटलेले नाही.

या विभागांच्या मागे कामाच्या खोल्या: लाकूडकाम, धातुकाम, स्वयंपाक आणि घरकाम, विज्ञान. बाहेर मैदाने आणि बागकामाची जमीन. शेतकऱ्याच्या मुलाने माती शाळेच्या बाहेर ठेवून यावे असे इथे कोणी सांगत नव्हते. शाळेच्या प्रमुखालाही हेडमास्तर न म्हणता ‘वॉर्डन’ म्हणत. मराठीत हा शब्द वसतिगृहाला चिकटला आहे. तिथे त्याचा अर्थ दिवसाची शाळा आणि रात्रीचे गाव या दोन्हींचा राखणदार असा होता. दोन्हींची जबाबदारी एकाच माणसाकडे, म्हणून सभागृह कोणाचे यावर तंटे करायची सोयच नव्हती.

ग्रोपियस यांना हे उभे राहताना बघता आले नाही. इंग्लंडात त्यांना पुरेसे काम मिळेना. मार्च १९३७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या बोलावण्यावरून ते अमेरिकेला गेले. नकाशे त्यांनी मागे ठेवले. बांधकाम फ्राय आणि जागेवर देखरेख करणारे तरुण वास्तुविशारद जॅक हाऊ यांनी पुरे केले. ब्रिटनमध्ये ग्रोपियस यांची मोजकी घरे आहेत, पण सार्वजनिक वास्तू म्हणावी अशी ही एकच. शाळा उघडली ती १९३९ च्या शरद ऋतूत. सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला होता. इंग्लंडात शाळा सोडायचे वय चौदावरून पंधरा व्हायचे होते तेही त्याच १ सप्टेंबरला. युद्धामुळे तो निर्णय लांबणीवर पडला. जर्मनीतून परागंदा झालेल्या माणसाने आखलेल्या वर्गांत जर्मनीशी युद्ध सुरू असताना इंग्रज मुले पाटीदप्तर घेऊन बसली.

या शाळेत जे आहे त्याइतकीच हुरहुर लावते ती एक नसलेली गोष्ट. ग्रोपियस यांनी शिल्पकार हेन्री मूर यांना इंपिंग्टनसाठी काही करता येईल का, असे विचारले. मूर यांनी मॉरिस यांच्याशी चर्चा केली. मोठे आणि मुले एकाच छपराखाली शिकणार, ही कल्पना मूर यांच्या मनात रुजली आणि त्यातून एक कुटुंब साकार होऊ लागले: बाकावर आई, शेजारी वडील, दोघांच्या मधोमध मूल. पैसे उभे राहिले नाहीत. युद्धाच्या शेवटी मॉरिस यांनी पुन्हा प्रयत्न केला, मूर यांनी १९४४-४५ मध्ये मातीच्या लहान लहान प्रतिकृती केल्या. या वेळी काउंटीच्या मंडळींनी नकार दिला.

मूर यांनी ती कल्पना टाकली नाही. शेजारच्या हर्टफर्डशर काउंटीत जॉन न्यूसम हे शिक्षणाधिकारी होते आणि त्यांनी नव्या शाळांच्या बांधणीत जीव ओतला होता. त्यांच्या काउंटीतल्या स्टीव्हनेज इथल्या बार्कले स्कूलसाठी मूर यांना काम मिळाले. तिथे ‘फॅमिली ग्रुप’ उभे राहिले; मूर यांच्या पहिल्या मोठ्या ब्राँझ शिल्पांपैकी ते एक. आई आणि वडील यांचे हात मुलापाशी येऊन अशी गाठ घालतात की कोणता हात कोणाचा हे शोधायला बोट धरून जावे लागते. त्याच साच्याची शिल्पे आज लंडनच्या टेटमध्ये आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात आहेत. स्टीव्हनेजच्या शिल्पावर धातुचोरांची नजर पडली, त्यांनी ते उचलायचा प्रयत्नही केला. त्यानंतर ते शाळेच्या आत नेऊन ठेवले आहे. ज्या गावासाठी ते कुटुंब मनात आले, त्या गावाच्या हिरवळीवर ते कधी बसले नाही. काउंटीच्या त्या सभासदांनी मोडता घातला, आणि ही हानी पैशात मोजण्यासारखी नाही.

युद्धानंतर इंग्लंडची शाळा बदलली. १९४४ च्या कायद्याने माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत झाले, १९४७ मध्ये शाळा सोडायचे वय पंधरावर गेले आणि १९७२ मध्ये सोळावर. पण त्याच कायद्याच्या अंमलबजावणीत अकराव्या वर्षीच्या एका परीक्षेने मुलांची चाळण होऊ लागली. परीक्षेत वर आलेली मुले ग्रामर स्कूलला, उरलेली ‘सेकंडरी मॉडर्न’ला. व्हिलेज कॉलेजे या उरलेल्यांच्या खात्यात गेली. इंग्लंडातल्या सर्वांत देखण्या शाळेत अकराव्या वर्षी ‘नापास’ ठरलेली मुले शिकत होती, आणि हुशार ठरलेली मुले शहरातल्या जुन्या इमारतीत जात होती. मॉरिस यांच्या कल्पनेला बसलेला हा सर्वांत मोठा धक्का म्हणावा लागेल. त्यांनी गाव एकत्र बांधायचे म्हटले होते. या परीक्षेने एकाच घरातल्या दोन भावंडांच्या वाटा वेगळ्या केल्या. १९६५ नंतर देशभर सर्वांसाठी समान शाळेचे धोरण आले आणि १९७० च्या दशकात केंब्रिजशरची व्हिलेज कॉलेजे खऱ्या अर्थाने सर्वांची झाली.

त्यानंतर इंपिंग्टन वाढत गेले. जुन्या इमारतीभोवती क्रीडासंकुल आले, पोहण्याचा तलाव आला. हे दोन्ही गावकऱ्यांनाही खुले आहे. अकरावी-बारावीच्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठी गेली तीनेक दशके इथे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम चालतो. त्यासाठी बाहेरच्या देशांतूनही मुले येतात. अपंग विद्यार्थ्यांसाठी वेगळी व्यवस्था आहे आणि ती मुले बाकीच्यांबरोबरच शाळेत वावरतात. मूळची इमारत ‘ग्रेड वन’ श्रेणीची संरक्षित वास्तू आहे. इंग्लंडातल्या संरक्षित इमारतींपैकी सुमारे अडीच टक्केच या श्रेणीत बसतात, सोबतीला कॅथीड्रले आणि राजवाडे. एखादी काच किंवा दाराची चौकट बदलायची झाली तरी परवानग्यांची मालिका लागते. वास्तुशास्त्राचे इतिहासकार निकोलस पेव्हस्नर यांनी आपल्या केंब्रिजशरच्या ग्रंथात या इमारतीला तिच्या काळातल्या इंग्लंडातल्या उत्तम वास्तूंत बसवले आणि कदाचित ती पहिलीच असेल असेही सुचवले. पेव्हस्नरही जर्मनीतून परागंदा होऊन आलेले होते.

मॉरिस यांचा नमुना काउंटीबाहेरही गेला. केंब्रिजशरमध्ये शाळा-निरीक्षक म्हणून काम केलेले स्ट्यूअर्ट मेसन पुढे लेस्टरशरचे शिक्षणप्रमुख झाले. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत हीच कल्पना दिसते. घरच्या काउंटीत बॅसिंगबर्न, मेलबर्न, कोंबर्टन, स्वेव्हसी अशी नावे वाढत गेली. केंब्रिजच्या पश्चिमेला मोकळ्या शेतांवर वसवलेल्या केंबर्न या नव्या वस्तीत २०१३ साली शाळा उघडली, तेव्हा तिलाही केंबर्न व्हिलेज कॉलेज असेच नाव दिले.

सगळेच नीट चालले आहे असे मात्र नाही. मॉरिस यांचे हत्यार होते काउंटी कौन्सिल. आज इंपिंग्टनसारख्या बहुतेक माध्यमिक शाळा ‘अकॅडमी’ झाल्या आहेत: पैसा थेट केंद्र सरकारकडून, कारभार विश्वस्त संस्थेकडे, काउंटीचा हात जवळजवळ सुटलेला. शिक्षण, वाचनालय, आरोग्य यांची एक थैली करायला जो एक मालक लागतो, तोच आता राहिलेला नाही. २०१० नंतर इंग्लंडात प्रौढ शिक्षणावरचा सरकारी खर्चही मोठ्या प्रमाणात कापला गेला. संध्याकाळचे वर्ग जिथे टिकले आहेत तिथे बरेचसे फीवर टिकले आहेत. फी भरू शकणारा माणूस भाषा शिकेल, चित्रकला शिकेल. मॉरिस यांच्या डोळ्यांपुढे जो शेतमजूर होता, त्याच्यासाठी दार अर्धेच उघडे राहिले आहे. वळणाऱ्या खिडक्यांची ती बाजू ज्याच्यासाठी बांधली तो माणूस आत येतो की नाही, यावर या शाळेचे खरे मोजमाप व्हायला हवे.

मॉरिस यांनी निवृत्तीनंतर वेलविन गार्डन सिटीजवळच्या डिग्सवेल हाउसमध्ये कलावंतांसाठी राहण्याची आणि कामाची जागा उभी केली. कुंभकलेतले मोठे नाव हान्स कोपर यांनी तिथे काही वर्षे काम केले. डिसेंबर १९६१ मध्ये मॉरिस गेले. फ्राय यांचा रस्ता तोवर आपल्याकडे येऊन गेला होता. पत्नी जेन ड्रू यांच्यासह १९५१ पासून तीन वर्षे ते चंडीगडला होते; तिथली सरकारी घरे आणि शाळा त्यांनी आखल्या. पंजाबच्या उन्हात इंपिंग्टनची काच चालणारी नव्हती. तिथे त्यांनी विटांच्या जाळ्या आणि उन्हाला अडवणारे पडदे वापरले. वर्गात उजेड आणि वारा यावा हा हेतू तोच, भिंत मात्र उलटी.

आणि इंपिंग्टन अर्धवट सोडून हार्वर्डला गेलेले ग्रोपियस? त्यांच्यापुढे युद्ध संपता संपता एक मराठी तरुण येऊन बसला. अच्युत कानविंदे, सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचे, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले. सरकारने त्यांना शिष्यवृत्तीवर पाठवले होते. १९४७ मध्ये ते परतले. पुढे पुण्याची राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था आणि मुंबईचे नेहरू विज्ञान केंद्र ही त्यांचीच कामे. मॉरिस यांचे शेवटचे दिवस चालू होते, त्याच सुमारास कानविंदे यांच्या हाती कानपूर आयआयटीचे आराखडे होते. गंगेच्या मैदानात एप्रिलपासून उन्हाचा तडाखा असतो. कानविंदे यांनी ग्रंथालय मध्यावर ठेवले आणि वर्ग, व्याख्यानगृहे, प्रयोगशाळा, अध्यापकांच्या खोल्या यांना छपराखालच्या रुंद वाटांनी एकमेकांशी जोडले. भर दुपारीही तिथला विद्यार्थी एका तासाहून दुसऱ्या तासाला सावलीतून जातो, आणि वाटेत भेटलेल्या कोणाशी तरी बोलत थांबतो.